यादीत नाव कोण घालते?

गावात एखादी यादी लागली की ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी गर्दी होते. बोट वरून खाली सरकत जाते, पान संपते, दुसरे पान सुरू होते, आणि कोणीतरी मागे वळून विचारतो, "भाऊ, माहं नाव काहून नाही आलं?" हा प्रश्न तलाठ्याला विचारला जातो, सोसायटीच्या गटसचिवाला विचारला जातो, बँकेच्या खिडकीवरही विचारला जातो. पण हल्ली यांच्यापैकी कोणीच ती यादी केलेली नसते. ती संगणकाने केलेली असते. आणि संगणकानेही ती आपल्या मनाने केलेली नसते. कोणीतरी लिहून दिलेल्या पाच-सहा अटींवरून केलेली असते. आज मला त्या अटींविषयी बोलायचे आहे. अट कशी लिहितात, ती कुठे फसते आणि एका शब्दाच्या फरकाने किती माणसे आत-बाहेर होतात, याविषयी.

मी बुलढाण्यात संगणक शिकवतो आणि लहान संस्थांच्या सभासदांच्या नोंदी नीट लावून देण्याचे कामही करतो. या कामात रोजचा संबंध येतो तो आपोआप बनणाऱ्या गटांशी. व्हॉट्सॲपवरचा गट आपण हाताने करतो. एकेक नाव घालतो, नको असेल ते काढतो. दुसऱ्या प्रकारच्या गटात नाव कोणी घालतच नाही. तिथे फक्त अट लिहायची. 'वय ६० वर्षे पूर्ण' एवढे लिहून ठेवले की सभासद ज्या दिवशी साठीचा होतो त्या दिवशी तो ज्येष्ठ नागरिकांच्या गटात जाऊन बसतो. त्यासाठी त्याने अर्ज केलेला नसतो, की कोणी शिक्का मारलेला नसतो. पुढे त्याने ठेव ठेवली तर तिला ज्येष्ठांचा व्याजदर लागतो. तितक्याच निमूटपणे, अट पुरी होईनाशी झाली की माणूस गटातून बाहेरही पडतो. बाहेर पडल्याचे त्याला कोणी कळवतेच असे नाही.

अशा प्रत्येक अटीचे तीन तुकडे असतात. एक रकाना, म्हणजे कशाविषयी बोलतो आहोत: वय, तालुका, थकबाकी. दुसरी तुलना: बरोबर, पेक्षा जास्त, पेक्षा कमी, 'मध्ये हा शब्द आहे'. आणि तिसरी किंमत, म्हणजे कशाशी तुलना करायची: ६०, मेहकर, दोन लाख. हे तीन तुकडे जोडले की एक अट झाली. अशा दोन-चार अटी 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी बांधल्या की गाळणी तयार झाली. दिसायला हे काम पोरखेळ वाटते. ते तसे नाही, हे महाराष्ट्राने कर्जमाफीच्या वेळी चांगलेच पाहिले आहे.

जून २०१७ मध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. आकडा ३४ हजार कोटींचा होता, आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असे सांगितले गेले. ३० जून २०१६ रोजी थकीत असलेले दीड लाख रुपयांपर्यंतचे कर्ज माफ, ही मुख्य अट. तिला बऱ्याच उपअटी होत्या: प्राप्तिकर भरणारा नको, सरकारी नोकर नको, वगैरे. शेतकऱ्यांनी अर्ज ऑनलाइन भरायचे, बँकांनी आपल्याकडची माहिती भल्यामोठ्या तक्त्यात द्यायची, आणि या दोन्हींची गाठ संगणकाने घालायची. जिथे गाठ पडली ती नावे हिरव्या यादीत, जिथे अर्ज आणि बँकेची माहिती जुळली नाही ती पिवळ्या यादीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये, ऐन दिवाळीत, वाटपाचा आरंभ झाला खरा, पण याद्यांतल्या तफावतींमुळे पुढचे काम रखडले आणि पिवळ्या याद्या तालुक्या-तालुक्यांत माणसांना बसून तपासाव्या लागल्या.

तेव्हा सगळा राग 'सॉफ्टवेअर'वर निघाला. मला तो अर्धाच पटला. मोठी अडचण होती ती मोजायचे काय, या प्रश्नात. त्या योजनेत लाभ व्यक्तीला नव्हता, कुटुंबाला होता: पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले मिळून एक. बँकेच्या तक्त्यात मात्र कुटुंब नावाचा रकानाच नसतो. तिथे खाते असते. नवऱ्याचे एक खाते सोसायटीत, दुसरे राष्ट्रीयीकृत बँकेत, बायकोच्या नावावरच्या दोन एकरांचे कर्ज तिसरीकडे. ही तीन खाती एकाच चुलीची आहेत हे संगणकाने कशावरून ओळखायचे? आडनाव एक म्हणून? आपल्याकडे अर्ध्या गावाचे आडनाव एक असते. अट शासन निर्णयात एका ओळीत लिहिता आली. ती तपासायला लागणारा रकाना कोणाकडेच तयार नव्हता.

डिसेंबर २०१९ मध्ये पुढच्या सरकारने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आणली, तेव्हा हा धडा घेतलेला दिसतो. अर्ज भरायचा नाही. कुटुंब नाही, व्यक्ती हा घटक. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेले अल्पमुदत पीक कर्ज, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत, मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांपर्यंत. म्हणजे कोणते कर्ज, कधी घेतले, कधी थकले आणि किती, अशा चार अटी. चारही बँकेच्या तक्त्यातूनच तपासता येणाऱ्या. प्राप्तिकर आणि नोकरीच्या अटी याही वेळी होत्याच, पण गाळणीचा गाभा हा चार अटींचा.

तरी काठावरची माणसे काठावरच राहिली. ज्या खात्याची थकबाकी दोन लाखांपेक्षा जास्त, ते खाते अपात्र. म्हणजे बरोबर दोन लाख असेल तर सगळे माफ, आणि व्याजाच्या हिशेबात वर एक रुपया गेला तर काहीच नाही. संगणकाला दोन लाख एक रुपया आणि दहा लाख रुपये सारखेच. २०१७ च्या योजनेत दीड लाखाच्या वरची रक्कम भरा आणि दीड लाखांचा लाभ घ्या, अशी वाट तरी ठेवली होती. ही कडा कोणत्या यंत्राने घातलेली नसते. 'पर्यंत' हा शब्द माणसाने लिहिलेला असतो, आणि कडेवर काय करायचे हेही माणसानेच ठरवायचे असते.

आता आपल्या भाषेची एक गंमत सांगतो. गंमत म्हणतो, पण यात नवशिके हमखास अडकतात. आपण म्हणतो, 'चिखली आणि मेहकर तालुक्यांतल्या सभासदांना निरोप द्या.' मराठी म्हणून हे वाक्य अगदी बरोबर. संगणकात जसेच्या तसे लिहिले, 'तालुका चिखली आणि तालुका मेहकर', तर यादी कोरी निघते. कारण एकाच सभासदाच्या तालुक्याच्या रकान्यात एकाच वेळी चिखलीही असेल आणि मेहकरही, असे होत नाही. आपल्या बोलण्यातला हा 'आणि' संगणकाच्या भाषेत 'किंवा' असतो. आपण गावांची बेरीज करत असतो. संगणक प्रत्येक माणसासमोर उभा राहून त्याला अटी विचारत असतो. एकदा हे डोक्यात बसले की निम्म्या चुका टळतात.

उरलेल्या निम्म्या कंसाच्या. 'बुलढाणा किंवा अकोला जिल्हा आणि थकबाकीदार' असे लिहिले तर बहुतेक प्रणाली 'आणि' आधी जोडतात, 'किंवा' नंतर. शाळेत बेरजेआधी गुणाकार करायचो, तसेच. मग या वाक्याचा अर्थ होतो: अकोल्याचे थकबाकीदार, आणि बुलढाण्याचे सगळेच. ज्याने आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही अशा बुलढाण्याच्या माणसाला वसुलीचा निरोप जातो. त्या माणसाला गावात काय वाटेल, याचा विचार करा. 'बुलढाणा किंवा अकोला' एवढे कंसात टाकले की हे टळते. दोन कंसांची किंमत एका माणसाची अब्रू, असा तो हिशेब आहे.

जिल्ह्याचे नाव काढलेच आहे, तर आपल्या जिल्ह्याच्या नावापासूनच सुरुवात करू. बुलडाणा की बुलढाणा? दोन्ही चालतात. १९८६ साली सुरू झालेल्या आपल्या मोठ्या पतसंस्थेच्या नावात 'बुलडाणा अर्बन' असा ड आहे, आणि अनेक कागदांवर ढ दिसतो. माणसाला काही फरक पडत नाही. संगणकाला ही दोन वेगळी गावे वाटतात. 'जिल्हा बरोबर बुलढाणा' अशी अट घातली की ड लिहिणारे सगळे गाळणीतून खाली. सिंदखेड राजा कोणी दोन शब्दांत लिहितो, कोणी जोडून. जिजाऊंच्या जन्मगावाचे नाव अशा रीतीने दोन गटांत वाटले जाते.

मग कोणी युक्ती करतो: 'बरोबर' ऐवजी 'मध्ये हा शब्द आहे' अशी सैल तुलना वापरतो. तिचा धोका उलटा. 'जळगाव' हा शब्द असलेली नावे मागितली तर आपला जळगाव जामोद तालुका येतो आणि खानदेशातला अख्खा जळगाव जिल्हाही येतो. 'देऊळगाव'ने सुरू होणारी मागितली तर देऊळगाव राजा, देऊळगाव मही आणि देऊळगाव साकर्शा अशी तिन्ही हजर. मलकापूर म्हटले तर आपले रेल्वेचे मलकापूर, आणि शिवाय कऱ्हाडजवळचे, आणि कोल्हापूरच्या शाहूवाडीतलेही. चिखली तर पिंपरी-चिंचवडमध्येही आहे. म्हणून गावाचे नाव टंकायला देऊच नये, ठरलेल्या यादीतून निवडायला लावावे आणि आत प्रत्येक गावाला एक क्रमांक असावा, हे माझे मत. जनगणनेत गावांना संकेतांक देतात ते उगाच नाही.

नावे बदलतात, हाही एक प्रश्न. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नावावर लिहून ठेवलेली अट नवीन नोंदींना पकडत नाही. आणि ती ओरडूनही सांगत नाही की मी आता काही पकडत नाही. महिनोन्महिने गट हळूहळू रोडावत जातो, एवढेच दिसते. तेही कोणी पाहिले तर.

जन्मतारखांचे काय सांगावे! एका पतसंस्थेच्या नोंदी चाळताना असे दिसले की सभासदांपैकी बरेच जण १ जूनला जन्मलेले. आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा खेड्यातल्या शाळेत गेले त्यांना हे कोडे पडणार नाही. पोराला शाळेत घालताना आईने 'पोळ्याच्या आसपास झाला' असे सांगितले, आणि गुरुजींनी शाळेच्या हिशेबाने सोयीची तारीख लिहिली. जिथे फक्त वर्ष ठाऊक होते तिथे १ जानेवारी. त्यामुळे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा आपोआप जाणारा निरोप १ जूनला ढिगाने जातो. शुभेच्छा असतील तर हसून सोडून देता येते. पण व्याजदर, निवृत्तिवेतन, एसटीची सवलत अशा गोष्टी वयाच्या अटीवर चालतात. २०२२ पासून एसटीत ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत मिळू लागला. गुरुजींनी त्या काळी दोन वर्षे इकडची तिकडे केली असतील, तर त्या माणसाला आज दोन वर्षे तिकीट काढावे लागते, किंवा दोन वर्षे आधीच सुटते.

वय काढण्याची रीतही पाहावी लागते. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केले की झाले, असे पुष्कळांना वाटते. मग डिसेंबरात जन्मलेला माणूस जानेवारीतच साठीचा ठरतो. 'पूर्ण' या शब्दाला अर्थ आहे तो इथे.

सर्वांत अवघड मात्र कोरा रकाना. समजा, एका योजनेसाठी चारचाकी नसलेल्यांचा गट करायचा आहे. नोंदीत 'चारचाकी आहे का' असा रकाना आहे. काहींनी होय लिहिले, काहींनी नाही, आणि पुष्कळांनी काहीच लिहिले नाही. 'चारचाकी बरोबर नाही' अशी अट घातली तर कोरे ठेवणारे सगळे बाहेर. मग वाटते, उलट लिहू: 'होय नसलेले सगळे'. काही प्रणालींत याने कोरे आत येतात. पण अनेक माहितीसाठ्यांत कोऱ्याचा अर्थ 'नाही' असा नसतो, 'माहीत नाही' असा असतो. आणि जे माहीतच नाही ते 'होय'पेक्षा वेगळे आहे असेही तो साठा म्हणत नाही. त्यामुळे कोरा माणूस 'होय'वाल्यांत सापडत नाही आणि 'होय नसलेल्यां'तही सापडत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज केली तर सभासदसंख्येपेक्षा कमी भरते. ज्यांनी रकाना कोरा सोडला ते बहुतेक वेळा कोण असतात? ज्यांना अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागला ते. गाळणी त्यांच्याशी वैर धरत नाही. तिला ते दिसतच नाहीत.

यावर उपाय साधा आहे: कोऱ्यांसाठी तिसरी अट स्पष्ट लिहायची. 'रकाना रिकामा असेल तर तपासणीच्या गटात.' थेट आत नको, थेट बाहेरही नको.

दुसरा मोठा प्रश्न काळाचा. अट कधी तपासायची? काही गट जिवंत असतात, रोज नव्याने बनतात. काही गट एका तारखेला गोठवलेले असतात. कर्जमाफीत ३० सप्टेंबरसारखी मागची तारीख धरतात त्याला कारण आहे. गट जिवंत ठेवला तर घोषणा ऐकून माणूस हप्ता भरायचा थांबेल आणि आपणहून थकबाकीदारांच्या गटात येऊन बसेल. मागची तारीख ही वाट बंद करते. पण तिच्यामुळेच, दागिने मोडून त्या तारखेच्या चार दिवस आधी कर्ज भरणारा बाहेर राहतो. नियमित फेडणाऱ्यांना २०१७ मध्ये २५ हजारांपर्यंत आणि २०२२ पासून ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली, ती या बाहेर राहिलेल्यांचा राग ओळखूनच.

मतदारयादीतही हेच. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. कायद्यात दुरुस्ती होऊन २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. अठरा वर्षांची अट तीच राहिली. ती तपासण्याच्या वेळा वाढल्या, आणि तेवढ्याने थांबणे तीन महिन्यांवर आले.

आत येण्याची अट लिहिताना लोक बाहेर पडण्याच्या अटीचा विचार करत नाहीत. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, दुसऱ्या योजनेतून तेवढाच लाभ नको. पहिल्या महिन्यांत बरेचसे हमीपत्रावर चालले. माणूस सांगेल ते खरे. नंतर सरकारने निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून पाहिल्या. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत असून जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि पात्र ठरतील त्यांना तो पुन्हा मिळेल, असेही तेव्हा सांगितले गेले. यात काही पुरुषांनीही अर्ज केल्याचे निघाले. गाळणीत 'महिला' ही अट तपासणारा रकाना सुरुवातीलाच दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहिला असता तर एवढे तरी टळले असते. पण ज्या बाईचा हप्ता 'तात्पुरता' थांबला, तिला तो का थांबला हे गावात कोण सांगणार? मोबाइलवर पैसे आल्याचा संदेश येतो. न आल्याचा येत नाही.

म्हणून संस्थांना मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. पहिली, गाळणी आधी थोड्यांवर चालवून पाहा. २०१९ च्या योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली ती राज्यातल्या फक्त ६८ गावांची, पंधरा हजारांवर शेतकऱ्यांची. चूक निघालीच असती तर ती ६८ गावांत निघाली असती. रक्कम किंवा आधार क्रमांक मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे न्यायची सोयही त्यात ठेवली होती.

दुसरी गोष्ट, यादीच्या शेजारी आणखी एक यादी काढा: जे फक्त एकाच अटीवर बाहेर राहिले त्यांची, प्रत्येक नावापुढे ती अट लिहून. कोणाच्या पुढे 'जिल्हा जुळला नाही' असे येते आणि नाव उघडून पाहिले तर ड-ढचा घोळ निघतो. कोणाच्या पुढे 'रकाना रिकामा'. कोणी खरोखरच दोन लाखांच्या वर असतो. ही दुसरी यादी करायला संगणकाला फारसा वेळ लागत नाही. ती भिंतीवर लावायची गरज नाही, गटसचिवाच्या टेबलावर असली तरी पुरे. "काहून नाही आलं" असे विचारत माणूस आला, की बोट ठेवून दाखवायला काहीतरी हाताशी असते.